तालमीला बसलेली मुलं

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे. इंदापूरहून रोज एसटीने बारामतीला कॉलेजला जाते-येते. वर्षभरापासून तिच्या मोबाइलवर एक जपानी खेळ आहे. रंगीबेरंगी केसांची देखणी मुलं त्यात गातात, नाचतात आणि ही पडद्यावर बोटांनी टकटक करत बसते. नाव ‘एन्सेम्बल स्टार्स’ सांगते. त्यातला एक मुलगा तिचा ‘ओशी’ आहे म्हणे. त्याच्या वाढदिवसाला तिने घरी शिरा केला! हे नेमकं काय आहे? काळजी करण्यासारखं आहे का?
— एक आई, इंदापूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला शिरा मला फार आवडला. जपानमध्ये त्या दिवशी केक आणतात, फोटोपुढे ठेवतात. तुमच्या लेकीने रवा भाजला. तिने परक्या गोष्टीला घरचं वळण दिलं, हे आधी मनापासून सांगतो.

आता खेळाविषयी. ‘एन्सेम्बल स्टार्स’ हा खेळ जपानमध्ये एप्रिल २०१५ मध्ये आला. हॅपी एलिमेंट्स ही तो काढणारी कंपनी. गोष्ट घडते ती समुद्राकाठच्या टेकडीवर असलेल्या युमेनोसाकी नावाच्या शाळेत. तिथे मुलांना ‘आयडॉल’ होण्याचं शिक्षण मिळतं. गाणं, नाच, रंगमंचावर उभं राहणं, प्रेक्षकांशी बोलणं हे सगळं अभ्यासक्रमात आहे. खेळणारी व्यक्ती म्हणजे या शाळेत नव्याने दाखल झालेली मुलगी. तिने स्वतः गायचं नाही. मुलांचे कार्यक्रम ठरवायचे, तालमी घ्यायच्या, पोशाखाचं बघायचं, खचलेल्याला उभं करायचं. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर ती त्या फडाची व्यवस्थापक आणि थोडीफार ताई.

मुलांचे गट आहेत, गटागटांत चुरस आहे. सुरुवातीची कथा ट्रिकस्टार नावाच्या चार मुलांच्या गटाची. शाळेवर विद्यार्थी मंडळाचा वचक आहे. कोणी कुठे गायचं, कोणाला किती मान मिळायचा, सगळं तेच ठरवतं. त्या मंडळाचा अध्यक्ष एइची श्रीमंत घराण्याचा वारस आहे आणि सतत आजारी असतो, दवाखान्याच्या वाऱ्या करतो. मला तो या कथेतला सर्वांत चांगला लिहिलेला माणूस वाटतो, कारण तो दुष्ट नाही. आयुष्य थोडं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची घाई त्याच्यात आहे. ट्रिकस्टारमधला माओ एकीकडे याच मंडळात काम करतो आणि दुसरीकडे मंडळाविरुद्ध उठलेल्या मित्रांत आहे. त्याची ओढाताण वाचताना सोसायटीच्या निवडणुकीत भाऊबंदकीत अडकलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. तुमची लेक बोटांनी टकटक करते तेवढाच हा खेळ नाही. त्यात वाचायला भरपूर आहे, कादंबरीसारखं.

टकटक म्हणजे ताल धरणं. २०२० मध्ये खेळाची नवी आवृत्ती आली, तिच्यात हा भाग आहे. गाणं सुरू झालं की खुणा सरकत येतात आणि ठरलेल्या जागी पोचल्या की नेमक्या त्या क्षणी बोट टेकवायचं. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. मी माझ्या भाचीच्या फोनवर हे जवळून पाहिलं. अवघड गाण्यात तिचे दोन्ही अंगठे इतके हलके चालत होते की काचेवर आवाजही येत नव्हता, ओठ मात्र मोजत होते. शाळेत लेझीम शिकताना आपण असंच मोजायचो. इंग्रजी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आणि मग हे सगळं जपानी न येणाऱ्या मुलामुलींच्याही आवाक्यात आलं. तुमच्या घरी ते बहुधा तिथूनच पोचलं असणार.

‘ओशी’ म्हणजे आपण ज्याची बाजू धरली तो. मूळ क्रियापदाचा अर्थ ढकलणं, पुढे करणं, शिफारस करणं. तो पुढे जावा म्हणून आपण मागून हात लावायचा, ही भावना त्या शब्दात आहे. ‘आयडॉल’ हा शब्दही जपानी लोकांनी वेगळ्याच अर्थाने घेतला. १९६४ मध्ये तिथे एक फ्रेंच सिनेमा गाजला, त्याच्या नावात हा शब्द होता आणि तिथून तो रुजला. तयार, पक्क्या गळ्याचा गवई म्हणजे आयडॉल नव्हे. आयडॉल अजून घडतो आहे. त्याच्या चुका दिसतात, घाम दिसतो, आणि तो सुधारत जाताना पाहणं हाच प्रेक्षकाचा आनंद.

म्हणून काळजीचं विचाराल तर मी म्हणेन, लेकीजवळ बसा आणि ‘तुझा ओशी कोणता, तो काय शिकतोय?’ असं विचारा. ती तासभर बोलेल. त्या तासात तुम्हाला तिच्याबद्दलच बरंच कळेल. अभ्यास, झोप आणि डोळे यांच्याकडे लक्ष द्यायचं ते कुठल्याही खेळाच्या बाबतीत द्यायचंच. पैशाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. योगायोगाने त्याबद्दलही एक पत्र आलं आहे.

प्रश्न : मुलाच्या फोनमधल्या एका खेळात आमच्या खात्यातून तीनदा पैसे गेले. खेळ फुकट आहे असं तो म्हणाला होता. विचारलं तर म्हणतो, ‘कार्ड ओढली.’ हा जुगार आहे का?
— एक वडील, भिगवण

उत्तर : या प्रकाराला ‘गाचा’ म्हणतात. जपानमध्ये दुकानांबाहेर छोटी यंत्रं असतात. नाणं टाकून कळ फिरवली की ‘गाचा’ असा आवाज होतो आणि ‘पोन’ करून खेळण्याची डबी खाली पडते. कोणतं खेळणं येईल ते आधी कळत नाही. तीच युक्ती मोबाइलच्या खेळांत आली. हवं असलेलं पात्र, त्याचा नवा पोशाख किंवा त्याची दुर्मीळ गोष्ट नशिबाने मिळते. काही संधी फुकट असतात, पुढच्या विकत घ्याव्या लागतात.

जत्रेतला रिंगांचा खेळ आठवा. समोर साबण, घड्याळ, नोटांचं पुडकं मांडलेलं असतं. फरक असा की तिथे खिशातले पैसे संपले की माणूस घरी जातो आणि जत्राही दोन दिवसांत उठते. फोनमधली जत्रा उठत नाही.

हिशेब मुलाच्या शेजारी बसून करा. समजा एखादं कार्ड मिळण्याची शक्यता शंभरात एक आहे. मुलाला वाटतं, शंभरदा ओढलं की ते मिळणारच. गणित सांगतं, शंभरदा ओढूनही ते न मिळण्याची शक्यता ३६-३७ टक्के उरते. म्हणजे तीन मुलांनी शंभर-शंभरदा ओढलं तर सरासरी त्यांतला एक रिकाम्या हाताने परत येणार. हे मी दहावीच्या मुलांपुढे फळ्यावर मांडलं होतं. वर्ग गप्प झाला. शिकवणीतल्या शंभर उपदेशांनी झालं नसतं ते एका गुणाकाराने झालं.

जपानलाही हा प्रश्न सतावतो. ठरलेल्या कार्डांचा अख्खा संच जमला तरच मोठं बक्षीस, असा एक प्रकार तिथे फोफावला होता. २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने त्याला बेकायदा ठरवलं. साधा गाचा मात्र चालू राहिला. जुगाराशी त्याचं नातं जवळचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावा, बँकेचं खातं खेळाला जोडलेलं असेल तर काढून टाका. मुलाला महिन्याची ठरावीक रक्कम द्यायची की अजिबात द्यायची नाही, हे त्याच्याशी बोलून ठरवा. रागावून खेळ पुसून टाकू नका. त्याने त्यात कष्ट घातलेले असतात आणि ते कष्ट खरे असतात.

प्रश्न : आमची नात असाच खेळ खेळते. मुलग्यांना लहान वयात गाण्या-नाचाच्या तालमीत बसवून त्यांना लोकांच्या गळ्यातले ताईत करणं ही कल्पना मला अगदी नवी वाटत नाही. आपल्याकडे हे होतंच की. आमच्या बारामतीशी याचा काही धागा जुळतो का?
— एक निवृत्त शिक्षक, बारामती

उत्तर : गुरुजी, अगदी नेमकं विचारलंत. या उत्तराला थोडी जास्त जागा घेतो.

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्रात मुलगे घडवणाऱ्या शाळाच उभ्या राहिल्या. त्यांना आपण नाटक कंपन्या म्हणतो. गोड गळ्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा कुठे सापडला की कंपनी त्याला बिऱ्हाडात घेई. जेवण, कपडालत्ता, थोडा पगार. पहाटे गळ्याची मेहनत, मग नक्कल पाठ करायची, दुपारी तालीम मास्तरांपुढे उभं राहायचं. पदर कसा सावरायचा, पाऊल किती उचलायचं, मान कधी वळवायची, हे सगळं तासून घेत. बायकांच्या भूमिका करणाऱ्याला स्त्रीपार्टी म्हणत, राजाची करणाऱ्याला राजापार्टी. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार स्वतः तालमी घेई. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई गाणं शिकवी. जपानी खेळातली शाळा कल्पनेतली आहे. आपली खरी होती आणि बैलगाडीतून गावोगाव फिरत होती.

केशवराव भोसले कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. अगदी कोवळ्या वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि देवलांच्या ‘शारदे’त शारदा होऊन लहानपणीच गाजले. अठराव्या वर्षी, १९०८ मध्ये, हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. त्याआधीच, दहा वर्षांचे असताना, टिळकांनी त्यांचं गाणं ऐकून त्यांना बालगंधर्व म्हटलं होतं. त्यांच्या कानात दोष होता, शाहू महाराजांनी मिरजेत त्यावर उपचार करवले आणि मिरजेतच ते पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे त्यांच्यासारखं लुगडं नेसायचं, त्यांच्यासारखी फुलं माळायची, अशी रीत घराघरांतल्या बायकांत पडली. आजच्या मुली ओशीच्या रंगाचं काहीतरी अंगावर घालतात, ती भावना यापासून दूर नाही.

चाहत्यांचे तटही होते. गंधर्ववेडे एकीकडे, केशवरावांचे दुसरीकडे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत दोघे ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. त्या प्रयोगाच्या आठवणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

एक गोष्ट मला नेहमी चटका लावते. या मुलांच्या डोक्यावर एक तारीख लटकत असे, आवाज फुटण्याची. तेरा-चौदाव्या वर्षी गळा घोगरा होतो. ज्या गळ्यासाठी कंपनीने पोराला आणलं, तो एका हंगामात जातो. काहींचा नवा गळा चांगला निघाला, ते टिकले. बाकीचे पडद्यामागे गेले, पेटीवर बसले, नाहीतर गावी परतले. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. जपानी खेळातल्या मुलांचा आवाज कधी फुटत नाही. २०२० मध्ये खेळातल्या कथेने एक वर्षाची झेप घेतली, काही मुलं शाळेतून बाहेर पडली, पण गळे तेच राहिले.

जपानशी आणखी एक जोड सांगतो. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्याच वर्षी जपानमध्ये ताकाराझुका या गावी मुलींचा एक गायनसंघ सुरू झाला. आजही तो चालू आहे, स्वतःच्या संगीतशाळेत दोन वर्षं शिकवून मुली तयार करतो. तिथे पुरुषांच्या भूमिका बायका करतात आणि त्या ‘पुरुषां’वर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकही बहुतेक बायकाच. इकडे पुरुष बायका होत होते, तिकडे बायका पुरुष. दोन्हीकडे लोकांना भुरळ होती ती शिकून आलेल्या डौलाची.

आता बारामती. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या आर्या पंडितांच्या घरातून लोकांच्या तोंडी नेल्या त्या रामजोशींनी. सोलापूरच्या शास्त्र्यांच्या घरातला हा पोरगा धोंडी शाहिराच्या फडात रमला. घरच्यांनी बाहेर काढला, तेव्हा पंढरपुरात जाऊन संस्कृत शिकला आणि पुन्हा डफ-तुणतुण्याकडे आला. कथा अशी सांगतात की त्याचं कवित्व पाहून मोरोपंतांनी त्याला ‘कविप्रवर’ म्हटलं आणि तो कीर्तनाकडे वळला. भेट कशी झाली याच्या कथा अनेक आहेत. मला त्यांत महत्त्वाचं वाटतं ते एवढं, की आर्येच्या मात्रा मोजत बसलेल्या वृद्ध पंडिताला फडातल्या तरुणाची तयारी ओळखता आली. १९४७ मध्ये शांतारामबापूंच्या राजकमलने रामजोशींवर चित्रपट काढला. त्यात रामजोशी झाले जयराम शिलेदार, ते स्वतः गंधर्व परंपरेतले गायक नट. लेखन गदिमांचं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या आवारात ज्यांच्या नावाचं सभागृह आहे, तेच गदिमा.

आणि हे सगळं पुस्तकातलं नको असेल तर गुरुजी, गजी ढोल पाहा. इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवर बिरोबाच्या देवळापुढे मी एकदा रात्रीची तालीम पाहिली. दिवसभर मेंढरामागे आणि उसात राबलेले पंधरा-वीस जण रिंगण करून उभे होते, मधे ढोल. बारा-तेरा वर्षांची दोन पोरं नवी होती. त्यांतल्या एकाचं पाऊल दर चौथ्या ठोक्याला मागे पडत होतं. एक म्हातारबाबा उठले, काही बोलले नाहीत. त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि ठोका येताच स्वतःच्या गुडघ्याने त्याच्या गुडघ्याला हलकेच टेका दिला. सात-आठ फेऱ्या असंच चाललं. मग बाबा बाजूला झाले आणि पोराचं पाऊल ठोक्यावर पडलं. हातातले रुमाल सगळ्यांचे एकदम उडाले. त्या मुलाने मागे वळून पाहिलं, बाबा तोवर तंबाखू मळत बसलेही होते.

प्रश्न : माझा ओशी ‘एन्सेम्बल स्टार्स’मधला होकुतो आहे. मैत्रिणी म्हणतात, तो खरा नाही, खोट्यावर कसला जीव लावतेस? मला वाईट वाटतं. आणि मला जपानी शिकायचंय, कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, वालचंदनगर

उत्तर : बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. होकुतो हाडामांसाचा नाही, हे तुला मैत्रिणींपेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण त्याच्यासाठी खऱ्या माणसांनी काम केलं आहे. त्याच्या तोंडचे शब्द कोणी लिहिले, त्याला आवाज कोणी दिला, २०१६ पासून या खेळाची नाटकं होतात तिथे कोणी त्याची भूमिका केली. ती मेहनत तू ओळखतेस म्हणून तुला तो आवडतो. कर्णासाठी रडलेल्या माणसाला आपण खोट्यासाठी रडलास असं म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी, तू मोठी होते आहेस म्हणून. जपानमध्ये खऱ्या मुलग्यांना आयडॉल म्हणून घडवणारी सर्वांत मोठी कंपनी १९६२ मध्ये सुरू झाली. लहान मुलं तिथे वर्षानुवर्षं तालीम करायची. तिच्या संस्थापकाने त्यांतल्या कित्येक मुलांचं लैंगिक शोषण केलं. तो २०१९ मध्ये वारला, आणि कंपनीने हे जाहीरपणे मान्य केलं ते २०२३ मध्ये. अनेक वर्षं मुलं बोलत होती, लोकांनी ऐकलं नाही, कारण गाणी फार गोड होती. खऱ्या कलाकारावर जीव लावशील तेव्हा त्याला कोण शिकवतं, कसं वागवतं, हेही विचारत जा. होकुतोच्या बाबतीत ती भीती नाही. तो कागदावरचा आहे आणि सुरक्षित आहे.

आता जपानी. परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, सर्वांत खालची एन-५, सर्वांत वरची एन-१. पुण्यात जपानी शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, परीक्षेचं केंद्रही आहे आणि ऑनलाइन वर्ग वालचंदनगरला बसून करता येतात. आधी हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या घे. तक्ता उघडलास की तुला ओळखीचं काहीतरी दिसेल : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग कंठ्य, मग दंत्य, मग ओष्ठ्य. ही आपल्या वर्णमालेचीच चाल आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकले, त्या अभ्यासातून जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. ‘घरी’, ‘घराला’ म्हणताना आपण शब्दाच्या मागे काहीतरी जोडतो, तसंच ते जोडतात. इंग्रजीपेक्षा ही भाषा तुझ्या जिभेला लवकर वळेल.

आणि तुझ्या लाडक्यांची नावं. होकुतो म्हणजे आकाशातले सप्तर्षी. त्याचा मित्र सुबारू, त्याचा अर्थ कृत्तिका. सुबारूचं आडनाव आकेहोशी, ज्या अक्षरांत लिहितात त्यांचा जपानीत नेहमीचा अर्थ शुक्राची चांदणी. कृत्तिका कार्तिकात अंधार पडल्यावर पूर्वेला उगवतात, एखाद्या लहानशा झुबक्यासारख्या. कारखान्याच्या दिव्यांपासून जरा लांब, उसाच्या बांधावर गेलीस तर सहा तरी मोजता येतील. आजीला बरोबर ने, तिला कुठे पाहायचं ते माहीत असेल.